वाबळ्यांच्या चिलखताचं भोक

मानसिंगराव,

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "बाई, माझ्यावर चार बऱ्या ओळी लिहा" असं तुम्ही म्हणालात, आणि वर "फोटो मी देतो" असंही म्हणालात. फोटो पोचला. त्यात तुम्ही चिलखत घालून, कमरेवर हात ठेवून, गच्चीत उभे आहात आणि मागच्या दोरीवर नयनाबाईंचे गाऊन वाळताहेत. फोटो मी छापायला दिलेला नाही. ओळी मात्र लिहिते आहे. त्या चाराहून जास्त होतील आणि सगळ्याच बऱ्या असतील असं समजू नका.

हे सगळं तुमच्या तोंडावर सांगता आलं असतं, पण तुमच्याशी बोलणं म्हणजे शिक्षा आहे. समोरच्यानं एक वाक्य काढलं की तुम्ही खिशातून चिलखताची एक कडी काढता, ती त्याच्या तळहातावर ठेवता आणि विचारता, "हिचं रिव्हेट दिसतंय का?" नाही दिसलं तर चष्मा देता. दिसलं तर आणखी एक कडी देता. म्हणून पत्र इथंच थांबवते आणि तुमची गोष्ट लोकांना सांगते. आता तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. गप्प बसून वाचा.

मानसिंगराव वाबळे यांचा जन्म बडोद्याचा, नोकरी बाजव्याची आणि अभिमान काठेवाडचा. जन्माला आणि नोकरीला कागद होते. अभिमानाला फक्त एक भोक होतं.

ते भोक वाबळ्यांच्या चिलखताला होतं. रायाजी वाबळे हे त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते, काठेवाडच्या मुलूखगिरीवर गेले होते आणि तिथं सरदारावर आलेला भाला त्यांनी आपल्या छातीवर घेतला, अशी घरची कथा. लढाई कुठली, सरदार कोण, भाला कुणाचा, हे वाबळ्यांत आजतागायत ठरलेलं नाही. पण चिलखत होतं आणि त्याच्या डाव्या छातीवर भोक होतं, चांगली टम्म पुरी आरपार जाईल एवढं. एवढ्या पुराव्यावर वाबळ्यांच्या मुली चांगल्या घरी पडल्या, मुलांना फेटे शोभले आणि थोरले प्रतापराव यांना अलकापुरीत जमिनींची दलाली करताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता आलं. चिलखत त्यांच्याच दिवाणखान्यात, सागवानी खुंटीवर असे. खंडेनवमीला घरच्या शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा होई. सुनांनी ओल्या हळदकुंकवाची बोटं लावायची, नारळ फोडून पाणी शिंपडायचं आणि मग प्रतापरावांनी हातात भाला घेऊन कथा सांगायची. दरवर्षी रायाजी थोडे उंच होत.

मानसिंगराव धाकटे. थोरल्यानं कथा घेतली, धाकट्यानं पाने-पकडी. बाजव्याच्या रिफायनरीत फिटर म्हणून लागले आणि मेंटेनन्सचे फोरमन होऊन निवृत्त झाले. पाहुण्यांशी ओळख करून देताना प्रतापराव म्हणत, "हा आमचा मान्या. रिफायनरीत असतो." पदाचा उल्लेख नाही. पाइपाला कान लावून आतलं दुखणं सांगणारा माणूस हा, पण भावाच्या दिवाणखान्यात त्याला एकच काम मिळे. खुंटी ढिली झाली की ती ठोकायचं.

निवृत्तीनंतर वासण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांनी आधी सगळे नळ दुरुस्त केले, मग शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त केले, मग जे बिघडले नव्हते तेही उघडले. त्यांच्या पत्नी नयनाबाई टेकीला आल्या होत्या. अशा वेळी पूर्वी आली.

पूर्वी ही प्रतापरावांची मुलगी. अलकापुरीतल्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते आणि रविवारी चिलखत घालून मारामारी करते. हसू नका, तिच्यासारखे बरेच आहेत. जुन्या काळच्या लढाया बोथट हत्यारांनी, पण खरोखरीचे घाव घालून लढायच्या, असा त्यांचा क्लब आहे. सातशे वर्षांपूर्वी युरोपात कोण कसं लढलं हे त्यांना पाठ आहे. आपल्याकडे कोण कसं लढलं हे विचारलं की एकमेकांकडे बघतात. हेल्मेट आणि ढाली परदेशी व्हिडिओ बघून केलेल्या. एकाच्या छातीवर जुन्या गीझरच्या टाकीचा पत्रा होता आणि त्यावर कंपनीचं नाव उलटं वाचता येत होतं.

पूर्वीनं मात्र ऑनलाइन चिलखत मागवलं होतं. वजनाला स्वेटरइतकं. पहिल्याच रविवारी कुऱ्हाडीचा एक रट्टा बसला आणि त्याच्या कड्या चिवड्यासारख्या मैदानभर सांडल्या. उरलेलं पिशवीत भरून ती काकांकडे आली.

"काका, हे दुरुस्त होईल?"

मानसिंगरावांनी एक कडी चिमटीत धरली आणि नुसत्या बोटांनी उघडली. "हे चिलखत नाही, बेटा. पडदा आहे. दारात लाव, माश्या येणार नाहीत."

"मग खरं कसं असतं?"

हा प्रश्न विचारायला नको होता. नयनाबाई अजून म्हणतात, त्या दिवशी पूर्वी फोन करून आली असती तर मी घराला कुलूप लावून गेले असते.

खऱ्या चिलखताची कडी नुसती वळवलेली नसते. तार सळईवर गुंडाळून तिची स्प्रिंग करायची, तोडायची, प्रत्येक कडीची टोकं ठोकून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचं, ती कडी चार शेजारणींत ओवायची आणि मग भोकात बारीक रिव्हेट घालून ठोकायचं. अशा हजारो. मानसिंगरावांना हे पुस्तकातून कळलं नाही. म्युझियममधल्या काचेला नाक लावून कळलं. तिथला रखवालदार आधी "काका, काचने अडशो नहीं" म्हणत काचेला शिवू द्यायचा नाही. पुढे त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली, कारण हा म्हातारा दुपारपर्यंत हलत नाही हे त्याला समजलं. घरी बाल्कनीत ऐरण आली. खालच्या मजल्यावरच्या बेन वर येऊन म्हणाल्या, "मानसिंगभाई, आ टकटक शेनी छे?" मानसिंगरावांनी त्यांच्या हातावर कडी ठेवली. त्या परत आल्या नाहीत.

चिलखताखाली जाड रजईसारखं काहीतरी घालावं लागतं, नाहीतर लोखंड शाबूत राहतं आणि बरगडी मोडते. हेही त्यांनी शोधून काढलं. मग नयनाबाईंच्या आईनं शिवलेली गोधडी एका दुपारी बाह्यांच्या आकारात कापलेली सापडली.

"अहो, ही माझ्या आईची!"

"बघ ना काय शिवलंय! टाका बघ. असा टाका आता कोण घालतं? आईंना दृष्टी होती."

"आईला झोपायला हवी होती ती. लढायला नाही."

पण खरं सांगायचं तर काम चोख होतं. पूर्वीचं पहिलं चिलखत झालं तेव्हा क्लबातली सगळी पोरं मानसिंगरावांच्या पाया पडली. गीझरवाल्यानं पत्रा उतरवून ठेवला. ज्या माणसाला आयुष्यभर "रिफायनरीत असतो" एवढ्यावर उरकलं, त्याला तिथं "उस्ताद" म्हणू लागले. दोन महिन्यांत मानसिंगराव चालताना हात शरीरापासून जरा लांब ठेवू लागले. तलवार अडकते असं त्यांना वाटत असावं.

ही कीर्ती अलकापुरीला पोचली. दसऱ्यानंतरच्या रविवारी क्लबचा मोठा जाहीर मेळावा ठरला होता आणि प्रतापराव त्याचे प्रमुख पाहुणे. ते स्वतः वासण्याला आले. आजवर धाकट्याच्या घरी ते फक्त बारशाला आणि बाराव्याला येत.

"मान्या, रायाजींच्या चिलखताची नक्कल कर. हुबेहूब. पूर्वी ती घालून लढेल. वाबळ्यांची मुलगी वाबळ्यांच्या चिलखतात! आणि भोक विसरू नकोस. खाली लाल मखमल लाव, लांबून दिसलं पाहिजे."

"भोकसुद्धा?"

"भोकाशिवाय काय अर्थ आहे त्याला?"

मानसिंगराव "होईल, दादा" म्हणाले. दादानं आपल्याकडे काहीतरी मागितलं, हीच गोष्ट त्यांना इतकी नवी होती की काय मागितलं तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. पुतणीच्या काळजावर पुरीएवढं भोक ठेवायला हा माणूस आनंदानं कबूल झाला. वर "चहा घेणार ना?" असंही म्हणाला.

जुनं चिलखत आणि भाला, दोन्ही पहिल्यांदाच वासण्याला आले. मानसिंगरावांनी ते पलंगावर पसरलं आणि नयनाबाई बाहेरच्या खोलीत झोपायला गेल्या. मानसिंगरावांनी एकेक ओळ मोजून नक्कल केली. गळ्याशी त्यांना एक पितळेची चपटी कडी सापडली. तिच्यावर अक्षरं होती, पण वाबळ्यांपैकी कुणाला वाचता येणारी नव्हती. ती त्यांनी तेवढ्यापुरती सोडून दिली. बाकी सगळं झालं. उरलं भोक.

इथं फिटर आडवा आला. दुसरा कुणी असता तर पकडीनं कड्या उपटून मोकळा झाला असता. मानसिंगराव म्हणाले, भाल्याचं भोक भाल्यानंच पडलं पाहिजे. खंडेनवमीला देवीपुढे कापायचा कोहळा घरात येऊन पडला होता. त्याला त्यांनी गोधडी गुंडाळली, वर विणलेला एक तुकडा पांघरला, गच्चीच्या भिंतीला टेकवून बसवला आणि घरचा भाला घेऊन मागं सरले.

"अहो, उद्या-परवा देवीपुढे जायचाय तो! आधीच भोसकलेला कसा चालेल?"

"बाजूला हो. रायाजी बसलेत तिथं."

भाला बसला. कोहळा हलला. चिलखत उचलून पाहतात तर दोन कड्यांची रिव्हेटं सुटलेली, कड्या चोचीसारख्या वाकून उघडलेल्या आणि भोक करंगळी जाईल एवढं. कोहळ्याला नखाएवढी जखम. मानसिंगरावांना आधी आनंदच झाला, आपलं काम एवढं पक्कं! मग त्यांनी पुन्हा मारला. मग धावत येऊन मारला. मग म्हणाले, त्यावेळचे हात वेगळे होते, आणि शेजारच्या बांधकामावरून पहार आणली. पहारीनं कोहळ्याचे दोन तुकडे झाले, पण भोक काही अंगठ्याच्या पुढे जाईना.

ते खाली आले आणि जुन्या भोकाच्या काठावर भिंग धरलं. तिथं एकही कडी वाकलेली नव्हती, एकही फाटलेली नव्हती. काठाच्या कड्या नुसत्या बारीक होत गेल्या होत्या. आधी तारेइतक्या, मग दोऱ्याइतक्या, आणि मग नाहीतच. असं लोखंड मानसिंगरावांनी जन्मभर पाहिलं होतं. वरून सारखा थेंब पडत राहिला की पाइप त्या जागी असाच झिजतो. आवाज नाही, घाव नाही. एक दिवस तिथं पाइप नसतो.

पण दिवाणखान्यात थेंब कुठून आला?

त्यांनी जुनं चिलखत कपाटाच्या दाराला, दादाच्या खुंटीच्या उंचीवर टांगलं. "नयना, इकडे ये. पूजेला बोटं लावतेस तशी लाव बघू."

नयनाबाईंनी हात वर केला. त्यांची बोटं सरळ भोकातून आत गेली आणि कपाटाला टेकली.

काठाला लालसर खपली होती. नयनाबाईंनी ती नखानं खरवडली, बोट डोळ्यांजवळ नेलं. गंज होता, आणि गंजात कुंकू होतं.

"लग्न झालं तेव्हा तुमच्या आईंनी मला पहिल्यांदा हेच भोक दाखवलं," नयनाबाई म्हणाल्या. "माझे वडील रेल्वेत. आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. आई म्हणाल्या, कुठल्या घरात आलीस ते नीट बघ. आणि लगेच हातात कुंकवाची वाटी दिली."

"कुणाला सांगू नकोस," मानसिंगराव म्हणाले.

याला शौर्य म्हणत नाहीत. त्यांनी स्वतः ठोकलेली एकेक कडी नव्या चिलखताच्या डाव्या छातीवरून पकडीनं काढली, दात काढणाऱ्या डॉक्टरचा चेहरा करून, आणि खाली लाल मखमल शिवली. मखमलीमागे गोधडीचे दोन पदर जास्त घातले. रविवारी पूर्वीच्या समोर समरजित नावाचा मुलगा लढणार होता. बँकेत काउंटरवर बसतो आणि काउंटर त्याला अपुरं पडतं. त्याची कुऱ्हाड नेमकी तिथंच कशाला बसेल, असं मानसिंगराव स्वतःला सांगत राहिले. रिफायनरीत एखाद्या पोऱ्यानं "साहेब, एवढ्याशा भोकानं काय होतंय" म्हटलं असतं तर यांनी त्याला गेटाबाहेर काढला असता.

खंडेनवमी आली. दिवाणखान्यात पाटावर तलवार, भाला, नवा कोहळा, प्रतापरावांच्या गाडीची किल्ली आणि दोन्ही चिलखतं. जुनं खुंटीवर, नवं शेजारी. सगळे वाबळे जमलेले. आतून नैवेद्याच्या मटणाचा वास येत होता आणि कथा लवकर संपावी अशी लहानथोर सगळ्यांची इच्छा होती. मोहनावहिनी, म्हणजे प्रतापरावांच्या पत्नी, वाटी घेऊन पुढे झाल्या. जुन्याला बोटं लावली. चार थेंब ओघळले. मग वाटीत बोटं बुडवून त्या नव्याकडे वळल्या.

"वहिनी, हात मागं घ्या!"

एवढ्या मोठ्यानं मानसिंगराव त्या घरात कधी बोलले नव्हते. मोहनावहिनींच्या हातातलं कुंकू जाजमावर सांडलं.

"मान्या," प्रतापराव हळू आवाजात म्हणाले, "पूजा चाललीय."

"दादा, तिथं भाला लागलेला नाही."

"काय?"

"भोक भाल्याचं नाही. मी मारून पाहिला. कोहळ्यावर."

"मग कशाचं आहे?"

मानसिंगरावांनी वाटीकडे पाहिलं. "कुंकवाचं."

कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"म्हणजे आम्ही पाडलं?" मोहनावहिनींनी विचारलं.

"हळूहळू, वहिनी. आजी, आई, तुम्ही, नयना. दरवर्षी थोडं थोडं. नारळाचं पाणी वेगळं."

"अस्सं. म्हणजे शत्रूला जमलं नाही ते वाबळ्यांच्या सुनांनी केलं." मोहनावहिनींनी नयनाबाईंकडे पाहिलं. "नयना, ऐकलंस? भिंतीवर रायाजींच्या जागी आपले फोटो लावा म्हणावं."

"थट्टा नकोय!" प्रतापराव गरजले. "रायाजी लढले नव्हते असं म्हणायचंय तुला?"

"लढले असतील, दादा. भोक पडलं नाही एवढंच."

"भोक नाही, तर मग आपल्याकडे आहे काय?"

"चिलखत आहे की! भोक पडलं नाही म्हणजे काम चांगलं होतं."

"चिलखत कुणाकडेही असतं रे!"

चांगलं काम ही दाखवण्यासारखी गोष्ट आहे, हे त्या खोलीत एकट्या मानसिंगरावांनाच वाटत होतं.

एवढ्यात पूर्वी नव्या चिलखतापाशी गेली, आणि तिनं मखमलीवर बोट दाबून पाहिलं. "काका, भाला लागलाच नव्हता, तर माझ्या चिलखताला हे का ठेवलंय?"

मानसिंगरावांनी दादाकडे पाहिलं, दादानं छताकडे.

"मी सांगितलं होतं," प्रतापराव म्हणाले. "ते आपल्या घराण्याचं प्रतीक आहे."

मोहनावहिनींनी वाटी खाली ठेवली. इतका वेळ त्या चिडल्या होत्या ते वरवरचं होतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. "पोरीच्या काळजावर भोक ठेवायला सांगितलंत? तुम्ही? आणि भावजी, तुम्ही ठेवलंत?"

"मागं गोधडी आहे, वहिनी…"

"गोधडी! अहो, प्रतीक एवढं प्यारं असेल तर रविवारी तुम्ही घाला ते. तो समरजित येतोय ना? उभे राहा त्याच्यापुढे, छाती काढून. मी नारळ फोडते."

प्रतापरावांच्या पोटावर ते चिलखत कसं दिसेल हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकदमच आलं असावं. आधी मुलं हसली, मग जावई, मग आतून भाकरी थापणारी बाई. हसणं थांबेपर्यंत मानसिंगराव खाली जाऊन स्कूटरच्या डिकीतली अवजारं घेऊन आले होते. दसरा असो, लग्न असो, ती डिकीत असतातच. सगळे मटणावर बसले तेव्हा ते झोपाळ्यावर बसून, मखमल उसवून, भोकात कडी ओवत होते. नयनाबाईंनी जुन्या चिलखतावरचं ओलं कुंकू पदरानं टिपून घेतलं आणि त्याला खोबरेल लावलं. प्रतापरावांनी त्या दिवशी कथा सांगितली नाही. जेवण वेळेवर झालं, अशी सगळ्यांनी आठवणीनं नोंद घेतली.

रविवारी वासण्यापलीकडच्या मैदानात मेळावा झाला. पेंडॉल, चहा, शेवउसळ, माइक. समरजितची कुऱ्हाड फिरली आणि कुठं बसायची ती बरोबर तिथंच बसली. पूर्वी धपकन खाली बसली. मानसिंगराव खुर्चीतून उठले, हातात पकड, चेहरा पांढरा. मोहनावहिनी त्यांच्याआधी रिंगणाच्या दोरीपाशी पोचल्या होत्या. मग पूर्वीनं मान वर केली, दिवाळी अंकात छापता येणार नाही असा एक शब्द गुजरातीत उच्चारला, उठली आणि समरजितच्या शिरस्त्राणावर अशी हाणली की तो बँकेत शोभेल अशा नम्रतेनं मागं सरकला.

"अजून एक मार!" मोहनावहिनी ओरडल्या.

झुंज संपताच मानसिंगराव धावत गेले आणि पूर्वीच्या छातीवर भिंग धरून वाकले. "एक वाकलीय. तुटली एकही नाही! बघ, रिव्हेट बघ!"

"भावजी," मोहनावहिनी म्हणाल्या, "पोरगी बरी आहे. विचारायचं राहिलं असेल तर सांगते."

मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण. प्रतापरावांनी फेटा सावरला, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "आमचे पूर्वज रायाजी वाबळे! काठेवाडात त्यांच्यावर भाल्यांचा वर्षाव झाला, पण एक, एकसुद्धा भाला त्यांच्या छातीपर्यंत पोचला नाही!" टाळ्या पडल्या. परवापर्यंत ज्या माणसानं तोच भाला छातीत घेऊन घराणं चालवलं, त्यानं तो इतक्या सहजपणे परत पाठवला की मानसिंगरावसुद्धा टाळ्या वाजवू लागले. नयनाबाईंनी कोपर मारलं तेव्हा थांबले.

पण गाडीत बसताना प्रतापरावांनी काच खाली केली. आवाज माइकवरचा नव्हता. "मान्या, एक सांग. चिलखत तरी आपलंच आहे ना?"

"बघतो, दादा," मानसिंगराव म्हणाले. घरी जाईपर्यंत त्यांनी नयनाबाईंच्या हातावर एकही कडी ठेवली नाही.

आता पुन्हा तुमच्याशी, मानसिंगराव.

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्याकडे आलात आणि नयनाबाईंची एक जुनी कुंकवाची डबी टेबलावर ठेवलीत. आत ती गळ्याजवळची पितळी कडी होती. दुसरी डबी मिळाली नाही का, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "स्वच्छ पुसलीय, बाई." माझी विद्यार्थिनी उत्कर्षा जुनी फारसी वाचते, मोडीही वाचते. तिच्याकडे कडी न्यायची, अक्षरं वाचून घ्यायची आणि तुम्हाला सांगायचं, असं ठरलं. रायाजींचं नाव निघालं तर उत्तम. दुसऱ्या कुणाचं निघालं, तर ते चिलखत वाबळ्यांकडे कसं आलं हे तुम्हाला कोहळा न फोडता शोधावं लागेल. उत्कर्षाचं घर माझ्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

त्यानंतर तुम्ही कितीदा तरी येऊन गेलात. माझा मिक्सर दुरुस्त केलात, न बिघडलेला नळ उघडलात, हा लेख मागितलात. प्रत्येक वेळी तुमची नजर टीव्हीखालच्या खणाकडे जाते, आणि तुम्ही मला विचारता की माझा गुडघा कसा आहे. गुडघा बरा आहे. डबी त्याच खणात आहे. उत्कर्षाला मी अजून फोनही केलेला नाही, आणि तुम्ही अजून एकदाही विचारलेलं नाही.